निळ्या गवताचें गाणें

डॉली पार्टन या अमेरिकन गायिकेचें छायाचित्र ज्यानें प्रथम पाहिलें असेल त्याला तिच्या गाण्याविषयीं आदर वाटण्याचा संभव थोडाच. सोनेरी केसांचा उंचच उंच टोप, टिकल्यांनीं लखलखणारा झगा, बोटबोट लांब नखें, आणि वर स्वतःच्याच या थाटाची चारचौघांत मनमुराद थट्टा! बैठकीवरील गवयाकडून आपण साधेपणाची अपेक्षा करतों. तेव्हां असा थाट पाहिला कीं आपलें मत गाणें ऐकण्यापूर्वींच ठरून जातें. प्रस्तुत लेखकानेंहि या बाईला कित्येक वर्षें निव्वळ करमणुकीच्या सदरांत टाकून दिलें होतें. पुढें तिची ‘द ग्रास इज ब्लू’ ही १९९९ सालची ध्वनिमुद्रिका ऐकण्यांत आली, आणि पहिल्या दोनतीन गाण्यांतच आपली चूक कळून चुकली. या मुद्रिकेची मोहिनी कशांत आहे हें शोधूं लागलों, तों गाण्याच्या वाटेनें इतिहासांत जाऊन पोंचलों. त्या इतिहासाचीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

‘ब्लूग्रास’ हें एका संगीतप्रकाराचें नांव. केंटकी संस्थान तेथील एका जातीच्या गवतावरून याच नांवानें ओळखलें जातें; त्यावरून बिल मन्रो या तेथल्या गवयानें आपल्या मेळ्याला ‘ब्लू ग्रास बॉईज’ असें नांव दिलें, आणि मेळ्याचें नांव पुढें गाण्याला चिकटलें. या मेळ्यांत ढोल नाहीं, विजेवर वाजणारें वाद्य नाहीं. बँजो, मँडोलिन, गिटार, फिडल म्हणजे आपलें व्हायोलिन, आणि उभ्यानें वाजवावयाचा माणसाच्या उंचीचा बास, एवढाच संसार. लय बहुधा द्रुत. एक कडवें गाऊन झालें कीं वादक आळीपाळीनें पुढें येतात, आपापलें कसब दाखवितात आणि पुन्हां मागें सरतात. गाणारा पुरुष आपल्या आवाजाच्या अगदीं वरच्या टोकाला जाऊन गातो. आवाज ताणलेला, किंचित् फाटूं पाहणारा. त्या ताणांतूनच एक एकाकी आर्तता उत्पन्न होते, आणि जाणकार तीच या गाण्याची खूण मानतात.

हें सारें फार प्राचीन असेल असें ऐकतांना वाटतें. पण तसें नाहीं. मन्रो १९३९ सालीं नॅशव्हिल येथील ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओवरील जलशांत दाखल झाला, आणि १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हा नॉर्थ कॅरोलिनाचा तरुण तीन बोटांनीं बँजो वाजवीत त्याच्या मेळ्यांत आला, तेव्हां या प्रकाराला आजचें रूप मिळालें. म्हणजे ब्लूग्रासचें वय आपल्या बोलपटापेक्षांहि कमी. जुनें आहे तें त्याच्या पोटांतलें गाणें. आणि तें कोणीं सांभाळलें, हा खरा प्रश्न आहे.

त्याचें उत्तर एका इंग्रज गृहस्थाच्या वह्यांत सांपडतें. सेसिल शार्प हा लोकगीतांचा संग्राहक १९१६ ते १९१८ या तीन वर्षांत अ‍ॅपलेशियन पर्वतांतून हिंडला; सर्व मिळून त्याचे सुमारें ४६ आठवडे या डोंगरांत गेले. ऑलिव्ह डेम कँबेल या बाईनें आपण जमविलेलीं गाणीं त्याला आधीं दाखविलीं होतीं, म्हणून तो तिकडे वळला. बरोबर मॉड कार्पेलेस ही त्याची सहायिका. शार्पनें स्वर टिपावे, तिनें लघुलिपींत शब्द टिपावे, असें काम चाले. इंग्लंड-स्कॉटलंडांतून दीडदोनशें वर्षांपूर्वीं आलेल्या वसाहतवाल्यांच्या वंशजांपाशीं त्यांना तीं जुनीं बॅलड नांवाचीं कथागीतें सांपडलीं: विश्वासघाताचीं, खुनाचीं, बुडालेल्या प्रियकरांचीं. आणि सांपडलीं तीं पुष्कळ ठिकाणीं बायकांच्या तोंडीं. नॉर्थ कॅरोलिनांतील हॉट स्प्रिंग्ज गांवच्या जेन जेंट्री या एका बाईनेंच शार्पला साठांहून अधिक गाणीं दिलीं. जात्यावरची ओवी आपल्याकडे ज्या कारणानें टिकली त्याच कारणानें हीं गाणीं तिकडे टिकलीं असावींत. हात कामांत गुंतलेले, तोंड मात्र मोकळें. शार्पची दृष्टि मात्र एकांगी होती. त्याला इंग्लंडचें हरवलेलें धन हवें होतें, तेवढेंच त्यानें उचललें. त्याच मुलुखांतल्या निग्रो गायकांकडे त्यानें फारसें लक्ष दिलें नाहीं. आणि ज्या बँजोवांचून या संगीताची आज कल्पनाहि करवत नाहीं तो तर गुलामांबरोबर आफ्रिकेहून आलेल्या वाद्यांतून घडला आहे.

शार्प गेला, आणि दहा वर्षांच्या आंतच ग्रामोफोनवाले आले. व्हिक्टर कंपनीच्या वतीनें राल्फ पीअर यानें १९२७ च्या जुलै-ऑगस्टांत ब्रिस्टल येथें मुक्काम टाकला. टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरचें हें गांव. तेथें १ ऑगस्ट रोजीं कार्टर कुटुंबाचीं तीन माणसें हजर झालीं: ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा, आणि साराची मावसबहीण व जाऊ मेबेल. मेबेल त्या वेळीं अठरा वर्षांची, आणि गरोदर. गाणार सारा, गिटार वाजविणार मेबेल, ए. पी. मधूनच सूर मिळवी. तथापि मुद्रिकांवर गीतकार म्हणून नांव छापलें जाई तें त्याचें. गाणीं हुडकीत तो गांवोगांव भटके, त्याचे श्रम नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु आंगठ्यानें खालच्या तारांवर चाल आणि बोटांनीं वरच्या तारांवर ताल, ही जी मेबेलची गिटारची रीत, ती पुढें साऱ्या अमेरिकेनें उचलली. आणि साराचा तो सरळ, अलंकारहीन, दुःखाला वर न आणणारा आवाज म्हणजे या मुलुखाच्या गाण्याचा नमुनाच ठरला. दुसऱ्या दिवशीं सारानें जीं गाणीं गाइलीं त्यांत कुमारिकेचें सुख आणि विवाहितेचे कष्ट शेजारीं शेजारीं मांडणारें एक गाणें आहे. सारा आणि ए. पी. यांचा १९३६ सालीं घटस्फोट झाला हें ठाऊक असल्यावर तें गाणें ऐकणें सोपें राहत नाहीं.

आतां पुन्हां मन्रोकडे येऊं. तो दहा वर्षांचा असतां त्याची आई वारली. ती फिडल वाजवी, जुनीं गाणीं गाई. ब्लूग्रासचा जनक म्हणून ज्याचा गौरव होतो त्याच्याहि कानावर प्रथम पडलें तें घरांतल्या बाईचेंच गाणें. पुढें मामाकडून आणि आर्नोल्ड शुल्ट्झ या निग्रो वादकाकडून तो शिकला, हें त्यानें कधीं लपविलें नाहीं. पण मेळा उभा राहिला तो मात्र ‘बॉईज’चा. मोटारींतून रात्रंदिवस प्रवास, आज या गांवीं तर उद्यां त्या. त्या काळच्या समजुतीप्रमाणें हें बाईमाणसाचें काम नव्हे. अपवाद होते. सॅली अ‍ॅन फॉरेस्टर १९४३ पासून तीन वर्षें मन्रोच्या मेळ्यांत अ‍ॅकॉर्डियन वाजवीत होती. पुढें बेसी ली मॉल्डिन हिनें बास वाजविला. तरी इतिहास सांगतांना त्यांचीं नांवें तळटीपेंत जात. स्वयंपाकघरांतून गाणें बाहेर पडलें, रंगमंचावर चढलें, आणि चढतांना जिनें तें सांभाळलें तिला उंबऱ्याशींच ठेवून गेलें.

तो उंबरा ओलांडणाऱ्या बायकांत हेझल डिकन्स हिचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसाखाणींच्या मुलुखांतली ही मुलगी. कामासाठीं बाल्टिमोर शहरीं आली. तेथें अ‍ॅलिस जेरार्ड या सुशिक्षित मैत्रिणीबरोबर ती गाऊं लागली, आणि १९६५ सालीं त्या दोघींची पहिली मुद्रिका निघाली. आवाज खडबडीत, माधुर्याची यत्किंचित् पर्वा न करणारा. खाणकामगारांच्या फुप्फुसाच्या रोगावर तिनें गाणीं रचलीं. केंटकीतील खाणींच्या संपावर १९७६ सालीं निघालेल्या ‘हार्लन काउंटी, यू. एस. ए.’ या चित्रपटांतून तिचा आवाज दूरवर गेला. हें नांव लक्षांत ठेवावें, कारण आपल्या मुद्रिकेंत तें पुन्हां येणार आहे.

डॉली पार्टनचा जन्म १९ जानेवारी १९४६ चा, टेनेसीच्या पूर्व भागांत, स्मोकी पर्वताच्या कुशींत. बारा भावंडांतील ती चौथी. घर एका खोलीचें. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरची फी बापानें मक्याच्या पिठाची एक गोणी देऊन भागविली. बापाला लिहितां-वाचतां येत नव्हतें. आई जुनीं कथागीतें गाणारी. आजोबा खेड्यांतले धर्मोपदेशक. दहाव्या वर्षीं ती नॉक्सव्हिल येथें एका किराणा व्यापाऱ्याच्या जाहिरातीच्या जलशांत गाऊं लागली. शाळेची शेवटची परीक्षा १९६४ सालीं झाली, आणि दुसऱ्याच दिवशीं ती नॅशव्हिलला निघाली. गरिबीच्या अशा कथा नटनट्यांच्या चरित्रांतून पुष्कळ वाचावयास मिळतात, व त्यांतील निम्म्या रचलेल्या असतात. परंतु ही गरिबी खरी आहे, आणि तिच्या गाण्यांतील वस्तूंवरून ती ओळखतां येते. आईनें चिंध्या जोडून शिवलेल्या कोटावरचें तिचें १९७१ चें गाणें ऐकावें. गरिबीविषयींचे उसासे त्यांत फार थोडे, आणि कोटाविषयींचा अभिमान पुष्कळ.

या चरित्रांत १९७० सालची एक लहानशी गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. मन्रोनें १९३९ सालीं ऑप्रीच्या मंचावर जें गाणें गाऊन नांव मिळविलें तें खेचरें हांकणाऱ्या मजुराचें होतें. मूळ जिमी रॉजर्सचें. तेंच गाणें डॉलीनें १९७० सालीं गाइलें, आणि गातांना मजूर हा पुरुष न ठेवतां स्त्री केला. एका शब्दाचा फेर! पण गाणें उचललें गेलें, आणि कंट्री संगीताच्या तक्त्यावर तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलें. म्हणजे पुढें १९९९ मध्यें जें घडलें त्याचें बीं तीस वर्षें आधींच पडलें होतें.

मधल्या काळाविषयीं थोडक्यांत सांगतों. ‘जोलीन’ १९७३ चें. त्यानंतर १९७७ पासून शहरी, गुळगुळीत गाणीं. १९८० मध्यें ‘नाइन टु फाइव्ह’ हा चित्रपट व त्याचें गाणें. १९८६ मध्यें आपल्याच जिल्ह्यांत ‘डॉलीवुड’ नांवाचें विहारोद्यान. व्यवहारांत बाई पक्की. तिच्या एका गाण्याचे निम्मे हक्क एल्व्हिस प्रेस्लीच्या व्यवस्थापकानें मागितले तेव्हां तिनें नकार दिला. तेंच गाणें १९९२ सालीं व्हिटनी ह्यूस्टन हिनें गाइलें आणि हक्क राखल्याचें सार्थक झालें. परंतु १९९० नंतरच्या दशकांत कंट्री संगीताच्या रेडिओकेंद्रांना नवे, तरुण चेहरे हवे होते. पन्नाशी उलटलेल्या बाईचीं गाणीं तीं लावीनात. १९९८ मध्यें डेक्का कंपनीनें तिची एक मुद्रिका काढली, आणि थोड्याच काळांत त्या कंपनीची नॅशव्हिलमधील शाखाच बंद झाली. एका अर्थीं ती मोकळी झाली. रेडिओला जी नको आहे तिनें रेडिओसाठीं कां गावें?

नॉर्थ कॅरोलिनांत शुगर हिल नांवाची, १९७८ पासून याच जातीचें संगीत काढणारी एक लहान कंपनी होती. स्टीव्ह बकिंगहॅम या निर्मात्याच्या देखरेखीखालीं डॉलीनें तिच्यासाठीं तेरा गाणीं गाइलीं. साथीला त्या काळचे उत्तमांतले उत्तम वादक: मँडोलिनवर सॅम बुश, फिडलवर स्टुअर्ट डंकन, बँजोवर जिम मिल्स, गिटारवर ब्रायन सटन, बासवर बॅरी बेल्स, आणि डोब्रोवर जेरी डग्लस. डोब्रो म्हणजे आडवी धरून पोलादी पट्टी घासून वाजवावयाची गिटार. आपल्याकडे हवाई गिटार ज्यांनीं ऐकली आहे त्यांना तिचा स्वर लगेच ओळखूं येईल. सूर मिळविण्यास अ‍ॅलिसन क्राउस, पॅटी लव्हलेस आणि ऱ्होंडा व्हिन्सेंट या तिघी. पूर्वीं जें क्षेत्र ‘बॉईज’चें, तेथें आतां मागें उभ्या राहून सूर धरणाऱ्याहि स्वतःच्या नांवावर गाजलेल्या बायका होत्या.

गाण्यांची निवड पाहण्यासारखी आहे. ‘सिल्व्हर डॅगर’ हें जुनें कथागीत घ्या. प्रियकर दारांत आला आहे, आणि मुलगी त्याला परत पाठवीत आहे. आई शेजारीं निजली आहे, तिच्या हातांत चांदीची कट्यार आहे, आणि पुरुषांवर तिचा विश्वास नाहीं. जोन बाएझ हिनें हेंच गाणें १९६० सालीं आपल्या पहिल्या मुद्रिकेच्या आरंभीं घातलें होतें. बाएझच्या स्वच्छ, घंटेसारख्या आवाजांत तें चित्रासारखें दूर राहतें. डॉली गाते तेव्हां ती आई आपल्या ओळखीची वाटूं लागते. ‘अ फ्यू ओल्ड मेमरीज’ हें गाणें हेझल डिकन्सचें. त्याची निवड म्हणजे एका डोंगरकन्येनें दुसरीला केलेला नमस्कारच म्हणावयाचा. जॉनी कॅश याचेंहि एक गाणें आहे. तेरा वर्षांची डॉली प्रथम ऑप्रीच्या मंचावर आली तेव्हां तिची ओळख करून देणारा तोच होता.

पण या जुन्यांच्या शेजारीं बिली जोएल या न्यूयॉर्कच्या गायकाचें एक गाणें आणि ब्लॅकफुट या कर्कश रॉक मेळ्याचें एक आगगाडीचें गाणेंहि आहे. सोंवळ्यांतल्या रसिकांना हें रुचण्यासारखें नव्हे. मला स्वतःला आगगाडीचें गाणें थोडें दिखाऊ वाटतें. कसरत पुष्कळ, आशय बेताचा. बिली जोएलच्या गाण्याची गोष्ट निराळी. तें मुद्रिकेच्या अगदीं आरंभीं येतें. फिडल आणि बँजो त्याला अशा वेगानें उचलतात कीं तें याच डोंगरांत जन्मलें असावें असा भास होतो. शार्पला मिळालेलीं गाणींहि एके काळीं कोठून तरी बाहेरूनच आलेलीं होतीं, हें सोंवळें पाळणाऱ्यांनीं विसरूं नये.

मुद्रिकेला नांव देणारें गाणें डॉलीनें स्वतः रचलेलें. विरहिणी म्हणते कीं मी सुखी आहे, मला त्याची आठवणहि होत नाहीं. आणि तें खरें ठरण्यासाठीं सृष्टीचे सगळे नियम उलटे करून टाकते. गवताचा रंगहि त्यांतच निळा होतो. कूट अभंगांतील उफराटी सृष्टि आपल्या परिचयाची आहे. तेथें ती ज्ञानासाठीं, येथें आत्मवंचनेसाठीं. आणि संगीतप्रकाराच्या नांवावरचा श्लेष इतका सहज येतो कीं तो प्रथम ध्यानांतहि येत नाहीं. पुढें २००३ सालीं नोरा जोन्स हिनें, म्हणजे आपल्या पंडित रविशंकरांच्या कन्येनें, हें गाणें पियानोवर संथपणें गाइलें. तेव्हां बँजोवांचूनहि तें उभें राहतें हें सिद्ध झालें.

आतां आवाजाविषयीं. ब्लूग्रासमधील पुरुषाची आर्तता त्याच्या ताणलेल्या पट्टींतून येते असें वर म्हटलें. स्त्रीला ती पट्टी सहज साधते. तेव्हां ताण नाहीं, आणि ताण नाहीं म्हणून ती आर्तताहि आयती मिळत नाहीं. बाईनें ब्लूग्रास गाऊं नये असें म्हणणाऱ्यांचा हा आक्षेप अगदींच पोकळ नव्हता. डॉलीनें यांतून काढलेला मार्ग असा: तिचा आवाज बारीक, जवळजवळ पोरीसारखा, आणि शेवटास थरथरणारा. ती तो मोठा करीत नाहीं. ओळीच्या अखेरीस जेथें दुसरी गायिका सूर लांबवील तेथें ही तो सोडून देते, कधीं नुसता श्वास ऐकूं येतो. हें मंचावरच्या पुरुषाचें गाणें नव्हे. चुलीपाशीं बसलेली बाई कोणी ऐकत नाहीं असें समजून गाते त्याचें हें गाणें आहे, फक्त भोंवतीं देशांतले सर्वांत तयार वादक बसलेले आहेत. वाद्यांची घाई आणि आवाजाची ही खाजगी जवळीक, या दोहोंच्या ओढाताणींत त्या मुद्रिकेची मोहिनी आहे, असें मला वाटतें.

एक आक्षेप उरतो, आणि तो मला अधिक बोंचतो. विहारोद्यानाची मालकीण, हिऱ्यांनीं मढलेली ही बाई, पडक्या झोंपडींतलें गाणें कोणत्या अधिकारानें गाते? तिनें स्वतःच विनोदानें म्हटलें आहे कीं, गरिबासारखें गातां यावें म्हणून मला आधीं श्रीमंत व्हावें लागलें. यांत हंशा आहे तसें हिशेबाचें सत्यहि आहे. जेन जेंट्रीनें दिलेल्या गाण्यांनीं शार्पचें पुस्तक भरलें. साराच्या आवाजावर ए. पी. चें नांव छापलें गेलें. सॅली अ‍ॅन तळटीपेंत गेली. डॉलीनें आपल्या गाण्यांचे हक्क आपल्यापाशीं ठेवले, आणि मनास येईल तेव्हां मनास येईल तें गाण्याची मोकळीक विकत घेतली. ही मोकळीक मिळाल्यावर तिनें काय गाइलें, तर आईचें गाणें. टिकल्यांचा झगा मला अजूनहि आवडत नाहीं. पण तो अप्रामाणिक आहे असें मी आतां म्हणणार नाहीं.

ब्लूग्रासच्या जाणकारांची जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे तिनें २००० सालीं या मुद्रिकेस त्या वर्षाची सर्वोत्कृष्ट म्हणून गौरविलें, आणि २००१ च्या फेब्रुवारींत तिला ब्लूग्रासचें ग्रॅमी पारितोषिक मिळालें. त्याच सुमारास निघालेल्या एका चित्रपटाच्या संगीतानें साऱ्या देशाला या जुन्या गाण्यांचें वेड लावलें. ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ हा तो चित्रपट. त्यांत अ‍ॅलिसन क्राउस आणि जेरी डग्लस हीं आपलीं दोघें ओळखीचीं माणसें आहेतच. पण हें वेड येण्यापूर्वींच डॉलीनें आपली मुद्रिका पुरी केली होती.

तिच्यांतलें शेवटचें गाणें डॉलीच्या धाकट्या बहिणीनें, रेचेलनें रचलेलें आहे. मृत्यूला मी सिद्ध आहें अशा अर्थाचें तें भजन. येथवर अखंड धांवणारीं वाद्यें त्यांत एकदम थांबतात. बँजो नाहीं, फिडल नाहीं, नुसते मानवी आवाज एकमेकांना धरून चालतात. आजोबांच्या लांकडी देवळांत तें असेंच गाइलें गेलें असतें.